सातव्या दिवशी कामावर

डॉक्टर, तुम्ही मला न तपासताच कागदावर बरं करून टाकलंत. एकदा नाही, तीनदा. हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं तेव्हा तुम्ही घड्याळाकडं बघितलंत आणि म्हणालात, "जे काय आहे ते लेखी द्या." घ्या, देतोय. मी शाळा सातवीत सोडली, अर्जाची भाषा मला येत नाही. नंतर मिळतील ती पुस्तकं वाचून जेवढं लिहायला आलं तेवढ्यात लिहितोय. वाचताना खरखर लागेल. त्यात दुखणं अशा जागेचं की माणसं डॉक्टरलासुद्धा नीट सांगत नाहीत. मला आता लाज उरलेली नाही, त्यामुळं मी सगळं सांगणार आहे.

मी टॉवर क्रेन चालवतो. चालवायचो म्हणायचं का, ते सोमवारी कंपनीच्या चौकशीत ठरेल. बांधकामावर सगळ्यात उंच जो लोखंडी खांब दिसतो त्याच्या डोक्याला काचेची एक खोली असते, एका खुर्चीपुरती. एकोणीस वर्षं मी तसल्या खुर्चीत काढली. साइटवर मला घार म्हणतात. खाली उभा राहून मला वॉकीटॉकीवर इशारे देणारा माझा सिग्नलवाला, त्याला भोंगा म्हणतात, कारण वॉकीटॉकी बंद पडली तरी त्याचं बोलणं मला वर ऐकू येतं. डोळे त्याचे आणि हात माझे, असा आमचा संसार आहे.

आत्ताच्या क्रेनची उंची चौऱ्याऐंशी मीटर. वर चढायला मला चौदा मिनिटं लागतात, उतरायला अकरा. खांबाच्या पोटात सरळ उभी शिडी, थोड्या थोड्या अंतरावर जाळीचा कट्टा, आणि प्रत्येक कट्ट्यावर कमरेच्या पट्ट्याचा हुक सोडून पुढं अडकवायचा. घाई केली तर माणूस खाली लवकर पोचतो, पण एकदाच.

वर संडास नसतो. लघवीला बाटली असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी आम्ही शरीराला वळण लावतो. सकाळी घरी उरकायचं. नाही झालं तर संध्याकाळपर्यंत धरायचं. पाणी बेतानं प्यायचं. असं वर्षानुवर्षं धरून धरून मला मूळव्याध झाली. हा दोष तुमच्यावर टाकत नाही, तो धंद्याचा आहे. भोंगा म्हणायचा, "गवंड्याचे गुडघे जातात, माझा घसा जातो, तुझं हे. तू निदान बसून कमावलंस."

आधी नुसतं रक्त पडायचं. मग गाठी बाहेर यायला लागल्या, त्या बोटानं आत ढकलायच्या. वर केबिनमध्ये, ग्रीसच्या हातानं ते कसं करायचं हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं नसेल. शेवटी बायकोनं मला धरून तुमच्या हॉस्पिटलात आणलं.

खिडकीतली मुलगी फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, "काम काय करता?"

"क्रेनवर आहे."

"म्हणजे बसून की उभ्यानं?"

"बसून."

तिनं लिहिलं, बैठं काम.

तुम्ही तो फॉर्म बघितलात आणि तुमचा चेहरा खुलला. "बैठं काम आहे ना? मग चिंताच नको." तुम्ही समजावलंत मात्र छान, ते मी नाकारणार नाही. जुन्या पद्धतीत गाठी कापतात, जखम उघडी राहते, माणूस महिनाभर कोमट पाण्याच्या टबात बसून रडतो. तुम्ही तसलं करत नाही. तुमचं एक गोल यंत्र आहे. ते आत जातं, गाठींच्या वरच्या अस्तराचा एक घेर कापून घेतं आणि त्याच दमात टायटॅनियमच्या बारीक पिनांनी टोकं जोडून टाकतं. गाठी वर ओढल्या जातात, त्यांचं रक्त कमी होतं, त्या सुकतात. पिना बसतात तिथं दुखण्याच्या नसाच नसतात. "दुसऱ्या दिवशी घरी, सातव्या दिवशी कामावर," तुम्ही म्हणालात.

संमतीचा कागद चार पानी होता. मी तो पूर्ण वाचला. तुमच्याकडं असं कुणी करत नसावं, कारण नर्स दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, काही रुग्णांना शौचाची तातडी जाणवू शकते. मी विचारलं, "हे काय आहे?"

"ते सगळ्यांच्याच कागदावर छापलेलं असतं, काका. करा सही."

केली. सही माझीच आहे.

ऑपरेशन झालं आणि खरंच फार दुखलं नाही. माझ्या मेहुण्याचं सात-आठ वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीनं झालं होतं. त्यानं फोनवर विचारलं, "भाऊजी, बसून बोलताय की आडवे?"

"बसून. खुर्चीत."

"मी पंधरा दिवस पोटावर झोपून जेवलो होतो हो," तो म्हणाला. त्याला माझा हेवा वाटला. त्याला त्यानंतर आजपर्यंत काही त्रास नाही, हेही सांगून टाकतो, उगाच अर्धवट नको.

सातव्या दिवशी मी शिडी चढलो. तुमच्या औषधाचा गुण म्हणून चढलो नाही. तुमच्या चिठ्ठीवर सातवा दिवस लिहिला होता म्हणून कंपनीनं सहाच दिवसांची रजा दिली. सातव्या दिवशी आलो नसतो तर गैरहजेरी लागली असती. तुम्ही चौदावा लिहिला असतात तर मी चौदाव्या दिवशी चढलो असतो.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की आत काहीतरी बिघडलंय. बसलं की काचेचा तुकडा टोचावा तसं टोचायचं. आणि लागली की लागली. आधी मी बारा तास धरायचो, आता पोटाला नुसती चाहूल लागली की दार उघडंच. सुट्टीच्या दिवशी घरी घड्याळ लावून बसलो. जास्तीत जास्त चार मिनिटं. उतरायला अकरा लागतात, हे तुम्हाला वर सांगितलंय.

मी तुमच्या ओपीडीत आलो. तिसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात, आठव्या महिन्यात. तुम्ही भेटला नाहीत. दर वेळी एक नवा तरुण डॉक्टर होता, प्रत्येकानं टेबलाच्या पलीकडूनच माझं दुखणं बघितलं. "सूज आहे, उतरेल." "काहींना सहा महिने लागतात." "इसबगोलाच्या भुशीची पावडर घ्या, पाणी भरपूर प्या." क्रेनवाल्याला पाणी भरपूर प्यायला सांगतात. तीन चिठ्ठ्या माझ्याकडं आहेत. त्यांवर गोळी आहे, पावडर आहे, मलम आहे. मला काय होतंय ते एकीवरही नाही.

मग मी माझी वाट काढली. आदल्या दुपारनंतर जेवण बंद. पहाटे उठून दोन तास संडासात. आणि म्हाताऱ्या माणसांना लावतात तो डायपर. बायको तो आणायची. दुकानात सांगायची, सासूबाईंसाठी हवाय. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. दुकानदारीण दर आठवड्याला काळजीनं विचारायची, "आजींना आता कसं आहे?" आणि बायको सांगायची, "आहेत, चाललंय."

तरी दोनदा मला कामाच्या मध्येच खाली यावं लागलं. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. क्रेन थांबली की सगळी साइट हात बांधून उभी राहते, त्यामुळं दोन्ही वेळा नोंद झाली. तिसरी वेळ दीड महिन्यापूर्वीची. ऑपरेशनला सोळा महिने झाले होते.

दुपारचे बारा वाजत आले होते. हुकला सळ्यांचा बंडल, दोन टनांचा, पंधराव्या मजल्याच्या स्लॅबवर ठेवायचा होता. वारा होता. लोड निम्म्यावर आला आणि मला आतून ती कळ आली.

"भोंगा, जागा दे लवकर."

"जागा कुठं पळून चाललीय? हवा बघ, हळू आण."

"जागा दे म्हणतोय ना."

"अरे, खाली सहा जण फळ्या ठोकतायत. त्यांना बाजूला तर होऊ दे. तुझी काय गाडी सुटतेय?"

हुकला लोड असेल तर खुर्ची सोडायची नाही. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि त्यानंतर कुणी पुन्हा सांगत नाही, कारण सांगावं लागत नाही. वाऱ्यात लटकता बंडल सोडून उठलो असतो तर खाली सहा घरांत रडारड झाली असती. मी उठलो नाही. भोंगा सांगेल तसं फिरवत राहिलो. डावीकडं. थांब. अजून एक हात. सोड हळूहळू. बंडल टेकला, पट्टे सुटले, "हुक मोकळा" म्हणून आवाज आला. सगळं मिळून सहा मिनिटं लागली असतील. माझं चौथ्यातच संपलं होतं. त्या दिवशी डायपरसुद्धा पुरला नाही.

वॉकीटॉकीचा चॅनल सगळ्या साइटला ऐकू जातो. मी म्हटलं, "मी खाली येतोय." भोंग्यानं विचारलं, "परवानगी?" मी म्हटलं, "नाही घेतली." आणि तशा अवस्थेत अकरा मिनिटं शिडी उतरलो. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, डॉक्टर. दोन मुलींची लग्नं केलीत. प्रत्येक कट्ट्यावर हुक सोडला, अडकवला, आणि खाली बघितलं नाही.

खाली सेफ्टी ऑफिसर वही घेऊन उभा होता. मी जवळ आलो तसा तो दोन पावलं मागं सरला. भोंग्यानं स्वतःचं पिवळं जाकीट काढलं, माझ्या कमरेला मागून बांधलं आणि मला पाण्याच्या पाइपापाशी नेलं. पत्र्याच्या आडोशाला त्यानं माझ्यावर पाणी सोडलं, तोंड दुसरीकडं करून. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लोड मात्र सुतात ठेवलास."

तेवढंच. त्यानंतर त्यानं हा विषय आजपर्यंत काढलेला नाही.

क्रेन दीड तास बंद राहिली. मला नोटीस आली. निष्काळजीपणा, वारंवार जागा सोडणे, कामाचा खोळंबा. सेफ्टी ऑफिसर माणूस वाईट नाही. त्यानं मला बसवून सांगितलं, "घार, मला एक कळू दे. आजारामुळं झालं असेल तर मी तुला खाली घेतो. सिग्नलचं काम देतो, नवीन पोरांना शिकवायचं काम देतो, नियमात बसतं ते. आजार नसेल तर तू तीनदा परवानगीशिवाय उतरलास, एवढंच कागदावर राहतं. मग लायसन्सवर शेरा जातो. तो शेरा बघून तुला कुणी खालीसुद्धा उभं करणार नाही."

"आजारच आहे, साहेब."

"मग ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचं लिहून आण. चौकशीच्या आधी."

तुमच्याकडं यायच्या आधी मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्या निवृत्त आहेत, वय सत्तरीच्या पुढं, घरच्याच दोन खोल्यांत पेशंट बघतात. त्यांनी मला कुशीवर झोपवलं, हातमोजा घातला, म्हणाल्या, "श्वास सोड. अजून सोड. लाजायचं असेल तर नंतर लाज." ऑपरेशननंतर सोळा-सतरा महिन्यांत मला हात लावून बघणाऱ्या त्या पहिल्या.

"पिना लागतायत बोटाला," त्या म्हणाल्या. "दोन तर उघड्याच पडल्यात. घेर खाली बसलाय तुझा. नसा आहेत तिथंच."

"म्हणजे चूक झाली?"

"मी तिथं नव्हते, मी कसं म्हणू? वर असायला हवा होता, एवढं म्हणते. आणि वर बसला तरी काहींना ही घाई राहते. मळ साठायची जी पिशवी असते ती आखडते, ताणून घ्यायचं विसरते. बहुतेकांचं दोन-चार महिन्यांत बसतं. तुझं बसलं नाही."

"आणि हे बाहेर लागतं ते?"

"गाठ आहे. परत आलीय एक."

मी म्हटलं, मग मला मिळालं काय? त्यांनी हातमोजा काढून टोपलीत टाकला. "हे बघ, यंत्राला शिव्या देऊ नकोस. पुष्कळांना सोपं जातं त्यानं. पण कुणाला जातं आणि कुणाला नाही हे नंतर बघितल्याशिवाय कळायचं कसं? पिना काढता येतात, कधी कधी फरक पडतो. ज्यांनी घातल्या त्यांना आधी दाखव." त्यांनी मला सगळं लिहून दिलं. कंपनीनं तो कागद परत केला. ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलचा हवा.

म्हणून मी तुमच्याकडं आलो. त्या दिवशी तुम्ही भेटलात, कारण मी सकाळी सातपासून तुमच्या दाराशी उभा होतो, बसलं की टोचतं म्हणून. तुमच्या व्हरांड्यात पाटी आहे, ह्या ऑपरेशनचे शंभरातले सत्त्याण्णव रुग्ण समाधानी. ती मी चार तासांत पुष्कळ वेळा वाचली.

मी काय हवं ते सांगितलं. तुम्ही माझा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकलात आणि पडदा माझ्याकडं वळवलात. म्हणालात, "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. सातवा दिवस: कामावर रुजू, तक्रार नाही. सहावा आठवडा: वेदना नाही, तक्रार नाही. एक वर्ष: पूर्ण समाधानी, इतरांना हे ऑपरेशन सुचवतील, तक्रार नाही.

"हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या घरून. आमची मुलगी प्रत्येक पेशंटला तीनदा फोन करते. उत्तर तुमच्या पत्नीनं दिलंय. तारीख आहे, वेळ आहे."

"मी तिसऱ्या आठवड्यात ओपीडीत आलो होतो. ह्या बघा चिठ्ठ्या."

"ओपीडीचं ह्यात येत नाही. हे रजिस्टर वेगळं आहे, ऑपरेशनच्या निकालांचं." मग तुम्ही आवाज मऊ केलात. "हे बघा, तुमच्याच घरचे सांगतात बरं आहे. आणि आता कंपनीत काहीतरी झालंय म्हणून तुम्ही म्हणता बरं नाही. मी कशावर सही करू?"

मी घरी गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातूनच विचारलं, "हॉस्पिटलमधून फोन आले होते?"

"कसले फोन?"

"एक मुलगी. मी कसा आहे विचारणारी."

तिच्या हातातली घडी थांबली. "ती हॉस्पिटलची होती?"

"मग कुणाची?"

"मला वाटलं ऑफिसची. इतकं गोड बोलत होती, मी लगेच ओळखलं. म्हटलं, लंबूच्या बायकोला फसवलं तसं मला फसवायला बघतायत."

लंबूचं तुम्हाला माहीत नसणार. तो माझ्याबरोबरचा क्रेनवाला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घरी एका मुलीचा फोन आला, दवाखान्यातून बोलतेय, साहेबांची तब्येत कशी आहे? बायको भोळी, म्हणाली, दोन दिवस चक्कर येतेय हो. दुसऱ्या दिवशी लंबूला क्रेनवरून उतरवलं. तो दवाखाना म्हणजे कंपनीचं ऑफिस होतं. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी बजावून ठेवलं, फोनवर कुणीही तब्येत विचारली, अगदी देव बोलतोय म्हणाला, तरी सांगायचं, ठणठणीत आहेत. क्रेनवाल्यांच्या घरात लेकरंसुद्धा हे पाठ म्हणतात.

"काय सांगितलंस तिला?"

"विचारत होती, कामावर जातात का. म्हटलं, सातव्या दिवसापासून. दुखतं का विचारलं. म्हटलं, दगड आहेत आमचे, दगडाला काय दुखतंय. हसली ती. शेवटच्या वेळी विचारलं, दुसऱ्या कुणाला हे ऑपरेशन करा म्हणून सांगाल का? म्हटलं, सांगू की, सगळ्या गल्लीला सांगू."

"आणि मी कुठं होतो तेव्हा?"

"आत होता तुम्ही. संडासात. तिनं म्हटलं, त्यांना फोन देता का? मी म्हटलं, कामावर गेलेत."

मी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं माझीच शिकवण पाळली होती. तीनही वेळा, न चुकता. ती खाली बसून रडली नाही, तिची तशी पद्धत नाही. तिनं घड्या पूर्ण केल्या, कपाटात ठेवल्या आणि म्हणाली, "उद्या मी येते. माझं मी निस्तरते."

दुसऱ्या दिवशी ती तुमच्यासमोर उभी राहिली. तुम्हाला आठवत असेल, निळी ओढणी, हातात त्या तीन चिठ्ठ्या. म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलले होते. त्यांना पहिल्यापासून त्रास आहे. मी लिहून देते, अंगठा म्हणाल तर अंगठा देते."

तुम्ही म्हणालात, "त्या वेळी दिलेलं उत्तरच ग्राह्य धरावं लागतं, बाई. आता तुमचा त्यात हेतू आहे."

"हेतू तेव्हाही होता, साहेब. तेव्हा ह्यांची नोकरी वाचवायला खोटं बोलले, आज नोकरी वाचवायलाच खरं बोलतेय. तुम्ही खोटं मात्र एका फोनवर मानलंत."

तुमच्या बाजूला बसलेला तरुण डॉक्टर खाली बघायला लागला. मी सदरा वर केला. म्हटलं, "वाद कशाला? ते बघा टेबल आहे. मी झोपतो. हातमोजा घाला, आत्ता बघा. पिना बोटाला लागतात की नाही ते कळेल."

"आज तपासून सतरा महिन्यांपूर्वीचं काही सिद्ध होत नाही," तुम्ही म्हणालात. "शिवाय हे आकडे अहवालात पुढं गेलेत. रजिस्टर बंद झालंय. त्यात आता मी हात घालू शकत नाही." त्यानंतर घड्याळ बघितलंत आणि लेखी द्यायला सांगितलंत.

बाहेर आल्यावर बायको व्हरांड्यात त्या पाटीसमोर थांबली. तिला वाचायला वेळ लागतो. अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "ह्या सत्त्याण्णवांत आपण आहोत?"

मी म्हटलं, "आहोत."

"मग बाकीच्यांच्या घरी फोन कुणी घेतला असेल?"

तिचा तो प्रश्न मी तुमच्याकडं पोचवतोय, त्याचं उत्तर तुमच्याकडंच असणार. मला त्यात आणखी भर घालायची नाही. मला माझ्यापुरतं बोलायचंय.

मी तुम्हाला चोर म्हणत नाही. यंत्र खाली बसलं असेल, हात आहे, चुकतो. माझाही चुकतो, म्हणून तर खाली भोंगा उभा असतो. लोड टेकल्यावर मी वरून ठरवत नाही की तो नीट बसलाय. एक माणूस जवळ जातो, हात लावतो, बंडल हलवून बघतो, मग मला "मोकळा" म्हणतो. सळ्यांसाठी आम्ही हे करतो. तुम्ही माणसाच्या आत पिनांचा घेर बसवलात आणि तो नीट बसला का हे त्याच्या बायकोला फोनवर विचारलंत.

मला भरपाई नको. सोमवारी दहा वाजता त्या खोलीत सेफ्टी ऑफिसर माझ्यापुढं हात करेल. तेव्हा त्या हातात ठेवायला मला तुमच्या हॉस्पिटलचा एक कागद हवा. त्यावर माझ्या बाजूचं काही लिहू नका. मला तपासा आणि बोटाला जे लागेल ते लिहा. पिना लागल्या नाहीत तर 'लागल्या नाहीत' असं लिहा, मी तोही कागद घेऊन जाईन.

आणि तपासणार नसाल तर निदान ह्याचं उत्तर द्या. ऑपरेशनच्या दिवसापासून आजपर्यंत तुमच्या हॉस्पिटलातल्या एका तरी डॉक्टरनं मला हात लावून तपासलंय का? तपासलं असेल तर तारीख दाखवा, सही दाखवा. नसेल तर तीनदा जे 'तक्रार नाही' लिहिलंत, ते कुणाच्या शरीराबद्दल लिहिलंत?

लेखी मागितलंत, लेखी दिलंय. आता लेखी उत्तर द्या, सोमवारी दहाच्या आत.